समुद्रफुलाचं पाणी

१८२८ साली स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकच्या खडकाळ किनाऱ्यावर जॉन डॅलियेल या अभ्यासकाला एक समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन हा प्राणी, सापडलं. त्यांनी ते एडिंबरोला आणून काचेच्या भांड्यात ठेवलं. डॅलियेल १८५१ मध्ये गेले. समुद्रफूल मात्र एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं, लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणू लागले, आणि ते मेलं १८८७ मध्ये. जवळजवळ साठ वर्षं ते भांड्यात जगलं. विजेचा पंप नाही, दिवा नाही, टेस्ट किट नाही. समुद्राचं पाणी आणायचं, वेळच्या वेळी बदलायचं आणि अधूनमधून शिंपल्यातलं मांस द्यायचं, एवढंच.

आज आपल्याकडे सगळी यंत्रं आहेत, तरी घरच्या टाकीत आणलेली बरीचशी समुद्रफुलं वर्षही काढत नाहीत. ग्रॅनी थंड पाण्यातली, भरती-ओहोटीचे धक्के सोसणारी जात होती हे खरं. आपल्याला हवी असतात ती क्लाउनफिशला घर देणारी, उबदार प्रवाळ समुद्रातली समुद्रफुलं, आणि ती जास्त नाजूक असतात. पण एवढ्या फरकाचं सगळं कारण जातीत नाही. मुंबईच्या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये मी बरीच वर्षं ‘बबल टिप’ जातीची समुद्रफुलं सांभाळते आहे. दुकानातल्या टाकीसमोर पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मी जे सांगेन, ते इथे लिहिते.

१. टाकी जुनी होईपर्यंत थांबा.

नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला साधारण महिना-दीड महिना लागतो. त्यानंतर टेस्ट किट अमोनिया शून्य दाखवतं आणि माणसाला वाटतं, झालं, टाकी तयार. मासा कदाचित तगेल, समुद्रफूल तगणार नाही. आधी तपकिरी थर येतो, मग हिरवं शेवाळ, मग ते ओसरतं. या काळात पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी) आणि त्यातली पोषकद्रव्यं सतत वरखाली होत असतात. समुद्रफुलाला खवले नाहीत, कवच नाही, हाडं नाहीत. त्याचं शरीर म्हणजे पातळ ऊतींच्या पिशवीत भरलेलं समुद्राचं पाणी. बाहेरचं पाणी बदललं की आतलंही बदलतं. माझ्या मते किमान सहा महिने, जमलं तर वर्षभर थांबावं. जुन्या, निरोगी टाकीतला एखादा दगड मिळाला तर तो विरजणासारखं काम करतो आणि जिवाणूंची वाढ लवकर होते. शेवाळाचे हे टप्पे मात्र कुणालाच चुकत नाहीत.

२. खारटपणा रोज पाहा. इतर सगळ्या आकड्यांपेक्षा हा मोठा.

पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. दोनशे लिटरच्या उघड्या टाकीतून उन्हाळ्यात, त्यात पंखा लावलेला असेल तर, दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडतं. म्हणजे रोज पाणी थोडं जास्त खारट होतं. रविवारी आठवण झाली की माणूस बादलीभर गोडं पाणी ओततो आणि खारटपणा एका फटक्यात खाली येतो. आठवडाभर चढ, मग एकदम उतार. हा झोका समुद्रफुलाला मारतो. खारटपणा हजारी ३५ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास ठेवावा आणि तो तिथेच राहावा. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं, मिठाचं नाही, आणि तेही थोडं थोडं. पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारं ‘ऑटो टॉप-ऑफ’ यंत्र मिळतं. महागड्या दिव्याच्या आधी ते घ्या.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. प्लास्टिकच्या काटेवाल्या हायड्रोमीटरला बुडबुडे चिकटतात आणि काटा खोटं बोलतो. रिफ्रॅक्टोमीटरही अधूनमधून ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तपासून घ्यावा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावलेला मीटर ३५ ला बरोबर असेलच असं नाही.

गोडं पाणी कोणतं, याबद्दल आपल्याकडे एक खास धोका आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून लोक स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरतात. पण पिण्याच्या पाण्याच्या कित्येक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं, आणि हल्ली तर आरोग्याच्या नावाखाली पाण्यात तांबं सोडणारी यंत्रं घरोघर आली आहेत. माणसाला तांब्याच्या कलशातलं पाणी चालतं. समुद्रफूल, कोळंबी, गोगलगाय यांना तांब्याचा अगदी थोडा अंशही विषारी ठरतो. ॲक्वेरियमसाठी वेगळं आरओ-डीआय यंत्र असतं. त्याचं टीडीएस शून्य आलं पाहिजे.

हेच तांबं माशांच्या औषधांतही असतं. माशांवर पांढरे ठिपके आले की तांब्याचं औषध देतात. ते वेगळ्या टाकीत द्यावं. औषध शोषलेला दगड किंवा वाळू पुन्हा समुद्रफुलाच्या टाकीत घालू नये.

आणि मुंबईत राहतो म्हणून चौपाटीवरून पाणी आणायचं मनात येतं, ते सोडून द्या. त्यात सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळचा खारटपणा कोसळतो. टाकीसाठी मिळणारं तयार मीठ शुद्ध पाण्यात विरघळवून केलेलं पाणी दर वेळी सारखं असतं. आपल्याला तेच हवं आहे.

३. मे महिना वेगळा धरा.

पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअसमध्ये राहिलं पाहिजे. आपल्या घरात एप्रिल-मेमध्ये खोलीच तेहतीस अंशांवर जाते. पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी गार होतं, पण हवा कोरडी असेल तरच. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय बरा चालतो. मुंबईच्या दमट हवेत त्याचा जोर ओसरतो. म्हणून इथे मी चिलरच्या बाजूने आहे. चिलर पाण्यातली उष्णता काढून हवेत सोडतो, त्यामुळे तो बंद कपाटात ठेवला तर स्वतःच्याच उष्णतेत गुदमरतो. त्याला मोकळी हवा लागते. दिवे दुपारी न लावता संध्याकाळी लावून रात्री उशिरापर्यंत ठेवले तर पाणी कमी तापतं. समुद्रफुलाला आपल्या घड्याळाशी देणंघेणं नाही. त्याला रोज तीच वेळ मिळाली की झालं.

पहिल्या वळवाच्या रात्री वीज गेली तर सर्वात आधी कमी पडतो तो प्राणवायू. घराच्या इन्व्हर्टरवर दिवे-पंखे असतात, त्यातच एक छोटा वेव्हमेकर जोडून ठेवा. पाणी हलत राहिलं तर टाकी तासन्‌तास तग धरते.

४. पांढरं समुद्रफूल सुंदर नाही, उपाशी आहे.

या प्रवाळ समुद्रातल्या समुद्रफुलांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म एकपेशीय शैवालं राहतात. प्रकाशावर ती साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. समुद्रफुलाचा तपकिरी किंवा बदामी रंग त्या शैवालांचा. पाणी तापलं, प्रवासाचा ताण आला, अंधारात ठेवलं, की शैवालं बाहेर पडतात आणि अंग पांढरं पडतं. दुकानात हेच पांढरं समुद्रफूल दुर्मिळ म्हणून जास्त भावात विकलं जाताना मी पाहिलं आहे. लिंबासारखं पिवळंधमक किंवा भडक जांभळं दिसलं तर संशय घ्या. पांढऱ्या पडलेल्यांना रंग चढवूनही विकतात. खालून तपकिरी छटा नसेल तर घेऊ नका, कितीही दया आली तरी. ती दया दुकानदाराला पुढची खेप मागवायला पुरते.

घरी आणल्यावर लगेच पूर्ण प्रकाशात ठेवू नये. दिव्याची तीव्रता निम्म्यावर ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वाढवायची. सोंडांच्या टोकांवरचे बुडबुडे जाऊन त्या लांब झाल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. निरोगी बबल टिपमध्येही ते येतात आणि जातात.

५. घेताना तोंड आणि पाऊल पाहा.

तोंड घट्ट मिटलेलं हवं. सैल, उघडं, आतलं बाहेर आलेलं तोंड म्हणजे प्राणी खचलेला आहे. मग पाऊल, म्हणजे ज्या तळाने ते दगडाला धरतं तो भाग. समुद्रातून काढताना ओढाताण झाली की पाऊल फाटतं, आणि फाटलेल्या पावलाचं समुद्रफूल क्वचितच सावरतं. तळाला वाळूवर लोळत पडलेलं आणि प्रवाहाबरोबर ढकललं जाणारं समुद्रफूल घेऊ नका. दुकानदाराला एक कोळंबीचा कण द्यायला सांगा. सोंडा चिकटल्या पाहिजेत आणि कण तोंडाकडे गेला पाहिजे.

क्लाउनफिशना आसरा देणाऱ्या समुद्रफुलांच्या जेमतेम दहा जाती आहेत. त्यांतली घरी ठेवायला मी एकच सुचवते, बबल टिप. मॅग्निफिका आणि जायगँटिया या दोन जाती पाहताना डोळ्यांचं पारणं फिटतं, पण त्या समुद्रातच राहू द्या. तिथे त्या अनेक दशकं जगतात आणि त्यांची भर फार हळू पडते. एक उचललं की त्यावर राहणारं माशांचं कुटुंब उघडं पडतं.

त्याहून चांगलं म्हणजे समुद्रातून आलेलं घेऊच नका. बबल टिप टाकीत दुभंगून दोन होतं, त्या दोनाची चार होतात. कुणाच्या तरी घरच्या टाकीत वाढलेलं असं पिल्लू दिव्याला, कोळंबीला, काचेला सरावलेलं असतं. कुर्ल्याच्या बाजारात फेरी मारण्याआधी शहरात कुणाकडे जुनी टाकी आहे याची चौकशी करा. आणि कुणी आपल्याच किनाऱ्यावरचा जिवंत प्रवाळ चिकटलेला दगड ‘सोबत’ म्हणून देऊ लागला तर नको म्हणा. २००१ पासून टणक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

६. जागा ते ठरवतं.

समुद्रफूल चालतं. रात्रीत टाकीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं. बबल टिपला पाऊल खोबणीत रोवायला आणि सोंडा प्रकाशात पसरायला आवडतं, म्हणून दगड रचतानाच खोल फटी ठेवा. नव्या समुद्रफुलाला त्या फटीजवळ सोडायचं, वेव्हमेकर थोडा वेळ बंद ठेवायचा, आणि मग हात टाकीबाहेर. सरकलं तर परत जागेवर आणून ठेवायचा मोह होतो. तो आवरणं ही या छंदातली सर्वात अवघड गोष्ट. प्रत्येक वेळी उचलताना पावलाला इजा होते आणि ते आणखी भटकतं. आठवडा उलटला तरी फिरतंच आहे, तर जागा बदलू नका, पाणी तपासा, प्रकाश तपासा, प्रवाह तपासा.

ते चालतं म्हणूनच टाकीतलं हलणारं प्रत्येक यंत्र त्याच्या दृष्टीने पाहावं लागतं. वेव्हमेकरच्या जाळीतून सोंड आत ओढली गेली की चिंधड्या होतात आणि त्यांनी पाणी नासून बाकीचं सगळं मरतं. स्पंजचं आवरण किंवा बारीक जाळी समुद्रफूल यायच्या आधीच बसवा. हीटरलाही पिंजरा हवा. वाटेत येणाऱ्या प्रवाळांना ते डंख मारतं, त्यामुळे प्रवाळांची सुरेख बाग आणि समुद्रफूल एकाच टाकीत ठेवायचा आग्रह धरू नये. माझी टाकी समुद्रफुलांची आहे आणि तिथे दुसऱ्या कुणाचा हक्क नाही.

कधी हलवावंच लागलं तर ओढू नका. दगडाच्या मागच्या बाजूला पिशवीत बांधलेला बर्फाचा खडा थोडा वेळ धरला की गारव्याने पाऊल आपणहून सुटतं.

७. थोडं खाऊ घाला.

शैवालांकडून साखर मिळते, पण वाढीला मांस लागतं. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, हरभऱ्याएवढा तुकडा. कच्ची कोळंबी सोलून, धुऊन. करंदी उत्तम, तिसऱ्यांचं मांसही चालतं. बाजारात माझी मासेवाली ‘काय गो बाय, एवढीशीच?’ म्हणून मूठभर करंदी वर टाकते. एवढीशीच पुरते. मोठा तुकडा दिला की समुद्रफूल गिळतं आणि दुसऱ्या दिवशी अर्धवट पचलेला गोळा बाहेर टाकतं, तो पाण्यात सडतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, मग श्रावणात कित्येक घरांत मासे येत नाहीत. म्हणून मे महिन्यातच ताज्या करंदीचे तुकडे बारीक पुड्यांत बांधून फ्रीझरमध्ये ठेवावेत. सुका जवळा किंवा मीठ लावलेलं काही देऊ नये.

८. क्लाउनफिश नंतर.

बहुतेक लोक समुद्रफूल आणतात ते या माशासाठी. समुद्रात त्यांचं नातं दोघांना जगवतं. मासा डंखाच्या आड सुरक्षित राहतो, सोंडा कुरतडणाऱ्या फुलपाखरी माशांना हाकलतो, आणि त्याच्या उत्सर्जनातला नायट्रोजन समुद्रफुलातल्या शैवालांना खत म्हणून मिळतो. घरच्या टाकीत मात्र माशाला समुद्रफुलाची गरज नसते. शत्रूच नाहीत तिथे. त्यामुळे समुद्रफूल नाही म्हणून माशाची कीव करायचं कारण नाही. उलट नुकत्याच आलेल्या लहान समुद्रफुलात दांडगी क्लाउन मादी दिवसभर घुसळत राहिली तर ते उघडतच नाही. आधी समुद्रफूल स्थिरावू द्या, हातभर नाही तरी वीतभर होऊ द्या, मग मासे सोडा. मासे हॅचरीत जन्मलेलेच घ्या. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातला मासा पकडायची गरज उरलेली नाही.

९. एक समुद्रफूल नको असतं.

एप्टेशिया नावाचं पारदर्शक, बोटाच्या पेराएवढं समुद्रफूल दगडांबरोबर येतं आणि टाकी व्यापतं. ते कापू नका, खरवडू नका. उरलेल्या कणातून नवं उगवतं. पेपरमिंट कोळंबी त्यांना खाते. वैतागून दगड उकळायचा विचार कधीही करू नका. दगडावरच्या काही झोअँथिड प्राण्यांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, आणि त्याच्या वाफेने अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत.

१०. आक्रसलेलं आणि मरणारं यांत फरक आहे.

निरोगी समुद्रफूल अधूनमधून आतलं सगळं पाणी बाहेर सोडतं, तपकिरी तंतू टाकतं आणि लिबलिबीत होऊन बसतं. पाहणाऱ्याचा जीव गोळा होतो. काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा फुगतं. तोंड मिटलेलं असेल आणि पाऊल घट्ट धरून असेल तर टाकीत हात घालू नका. हात घालायची वेळ कधी? पाऊल सुटलं आहे, तोंड उलटलं आहे, सोंडा हातात येऊन तुटताहेत आणि कुजका वास येतो आहे. तो वास एकदा आला की शंका राहत नाही. मग तासाभराचाही उशीर करू नये. मेलेलं समुद्रफूल वितळतं आणि त्याचा अमोनिया सगळी टाकी घेऊन जातो. बाहेर काढा, पाणी बदला, पाणी गाळणारा सक्रिय कार्बन टाका.

हाताबद्दलही सांगते. साबण, क्रीम, डासांचं मलम लागलेला हात पाण्यात नको. घरात पेस्ट कंट्रोल करायचं असेल त्या दिवशी टाकी झाका, आणि हवेचा पंप फवारलेल्या खोलीतली हवा आत ओढणार नाही याची व्यवस्था करा. त्या फवाऱ्यांतली कीटकनाशकं पाण्यातल्या जिवांना फार घातक असतात. घरातल्या सगळ्यांना हे माहीत हवं, कामाला येणाऱ्या मावशींनाही.

११. दुभंगलं म्हणून लगेच पेढे वाटू नका.

बबल टिप दोन कारणांनी दुभंगतं. एक, चांगलं वाढलं म्हणून. दुसरं, पाण्यात अचानक काही बिघडलं आणि तगून राहायची शक्यता वाढवायची म्हणून. दुभंगण्याआधीच्या आठवड्यात खारटपणा, तापमान किंवा दिवा यांत काही बदल झाला होता का, ते वहीत पाहा. त्यासाठीच वही लागते. तारीख, खारटपणा, तापमान, क्षारता. चार आकडे, रोज एक ओळ. दोन्ही अर्ध्यांची तोंडं बंद व्हायला आणि जखमा भरायला वेळ द्या. त्या काळात खायला देऊ नका. दोन्ही पूर्ववत फुलून जेवू लागली की मगच एक दुसऱ्या घरी पाठवायचा विचार करावा.

माझ्याकडे पिल्लू मागायला येणाऱ्याकडून मी पैसे घेत नाही, पण टाकीची वही मागते. वही नसेल तर फोनमधल्या नोंदी चालतात. गेल्या सहा महिन्यांचे खारटपणाचे आकडे एका रेषेत दिसले की मी दुहेरी पिशवीत माझ्याच टाकीचं पाणी भरून, वर पिशवीत हवा राखून, थर्मोकोलच्या डब्यात समुद्रफूल देते आणि एकच ताकीद देते. घरी गेल्यावर आधी पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा मोजा, मग तुमच्या टाकीचा. फरक असेल तर टाकीचं पाणी पिशवीत थेंबाथेंबाने सोडा, दोन तास लागले तरी चालतील, आणि रात्री मला फोन करून दोन्ही आकडे सांगा.